साल उलटलं म्हणून सिनेमा खोटा ठरत नाही

रविवारी इंदूरला आमच्या घरी जिरावण भुरभुरलेले पोहे खाता खाता भाचा म्हणाला, "मावशी, ‘ब्लेड रनर’ फसला की! त्या सिनेमात दाखवलेलं 2019 आलं नि गेलं, उडत्या गाड्या कुठे आहेत?" हा समज फार जुना. भयाण भविष्याचा सिनेमा म्हणजे भाकीत, आणि पडद्यावरचं साल म्हणजे त्याची मुदत.

तसं नाही. 1982च्या या सिनेमाची मूळ कादंबरी 1968ची. तिच्यात साल होतं 1992. पुढच्या आवृत्त्यांत ते 2021 केलं गेलं. गोष्ट तीच राहिली. नुसतं भाकीत असतं, तर साल असं सरकवता आलं असतं का?

सालानं ठरतं ते प्रेक्षकाचं अंतर. 2006च्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’नं 2027 निवडलं, जेमतेम 21 वर्षं पुढचं. म्हणून त्यातलं लंडन ओळखीचं दिसतं: बस, गर्दी, कॉफीचं दुकान. नायक कॉफी घेऊन बाहेर पडतो आणि मागे दुकानात स्फोट होतो. पोटात गोळा येतो, कारण तो रस्ता आजचाच वाटतो.

भाच्याला तोच प्रसंग लावून दाखवला. पोह्यांची बशी त्याच्या हातात तशीच राहिली.