द्वीपलंघन

द्वीपलंघन : दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिक आघाडीवर (१९४१–४५) अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांनी जपानविरुद्ध अवलंबलेली युद्धपद्धती. निवडक बेटे जिंकून तेथे धावपट्ट्या व नाविक तळ उभारायचे, वाटेतली बळकट बेटे वगळून पुढे सरकायचे आणि समुद्रमार्ग तोडून तेथील शिबंदी जागच्या जागी निकामी करायची, असे तिचे स्वरूप. ‘आयलंड हॉपिंग’ आणि ‘लीपफ्रॉगिंग’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. काटेकोर अर्थाने पहिला शब्द ओळीने बेटे घेत जाण्याचा आणि दुसरा मधले बेट टाळण्याचा वाचक आहे. येथे ‘द्वीपलंघन’ ही संज्ञा दुसऱ्या अर्थी योजली आहे.

पॅसिफिकमधील बेटाचे लष्करी मोल त्याच्या आकारावर किंवा लोकसंख्येवर ठरत नसे. धावपट्टीपुरती सपाट जमीन आणि जहाजांना नांगर टाकण्याजोगे सुरक्षित पाणी, या दोनच गोष्टी पाहिल्या जात. मार्शल आणि कॅरोलाइन समूहांतील कंकणद्वीपांत दोन्ही मिळत. प्रवाळाच्या कड्याआड शांत खारकच्छ आणि कड्यावर चिंचोळी सपाट जमीन, अशी त्यांची ठेवण असते. मात्र धावपट्टीवर विमाने आणि समुद्रावर जहाजे असेपर्यंतच त्या बेटाला अर्थ होता. ती नाहीशी झाली की हजारो सैनिकांची शिबंदी असलेला किल्लाही नुसता तुरुंग होई.

पहिल्या महायुद्धानंतर मार्शल, कॅरोलाइन, पलाऊ आणि (ग्वाम वगळून) मेरियाना ही बेटे राष्ट्रसंघाच्या आदेशानुसार जपानच्या कारभाराखाली आली. त्यामुळे हवाई ते फिलिपीन्स हा अमेरिकी मार्ग मधोमध तुटला. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात मोठ्या युद्धनौकांचे प्रमाण अमेरिका, ब्रिटन व जपान यांच्यासाठी ५ : ५ : ३ असे ठरले, तसेच पश्चिम पॅसिफिकमध्ये नवी तटबंदी न करण्याचे बंधनही आले. पहिल्या तरतुदीची चर्चा फार होते, पण पुढील युद्धावर दुसरीचा परिणाम अधिक झाला असावा. तयार तळ नसल्याने तळ जिंकून घेण्याचे तंत्र शोधणे अमेरिकेला भाग पडले. जपानी आरमाराची भिस्त एका निर्णायक सागरी लढाईवर होती. शत्रूला दूरवर येऊ द्यायचे, वाटेत पाणबुड्या व विमानांनी त्याचे बळ घटवायचे आणि मग जपानजवळ त्याला गाठायचे, हा त्यांचा विचार.

उगम व त्याविषयीचे वाद : ही पद्धती नेमकी कोणाची, याबद्दल एकवाक्यता नाही. जपानविरुद्धच्या युद्धाचा आराखडा अमेरिकी नाविक दलात साधारण १९०६-०७ पासून ‘ऑरेंज’ या सांकेतिक नावाने तयार होत होता. १९३० नंतरच्या दशकात त्यातील ‘एका दमात मनिला’ हा पक्ष मागे पडून टप्प्याटप्प्याने बेटे घेत जाण्याचा पक्ष वरचढ झाला. मरीन दलाचा अधिकारी अर्ल एलिस याने १९२१ साली मायक्रोनेशियातील आगाऊ तळ जिंकण्याचा तपशीलवार आराखडा मांडला. प्रवाळकडा, होड्या, तोफांचा मारा, पहिल्या लाटेतील माणसांची संख्या, असे सारे त्याने मोजले होते. १९२३ च्या मे महिन्यात जपानी ताब्यातील पलाऊमध्ये त्याचा मृत्यू झाला. जपान्यांनी विषप्रयोग केल्याची वदंता दीर्घकाळ टिकली, पण अतिमद्यपानाने मृत्यू हे स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य मानले जाते. एलिसच्या आराखड्यात बेट जिंकण्याचे शास्त्र आहे. बेट वगळण्याचे तत्त्व मात्र त्यात अंकुररूपानेच दिसते.

युद्धोत्तर काळात हे श्रेय बहुतांशी जनरल डग्लस मॅकआर्थर याच्या नावे लोकप्रिय झाले, त्याच्या स्वतःच्या निवेदनांमुळेही. कागदपत्रांचा क्रम पाहता ते तसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. वगळण्याचा पहिला ठळक प्रयोग उत्तरेकडे अल्यूशन बेटांत झाला. मार्च १९४३ मध्ये रिअर ॲडमिरल किंकेड याने पुरेसे सैन्य नसल्याने अधिक बळकट किस्का सोडून त्यापलीकडचे आट्टू घ्यावे असे सुचवले. आट्टूवर ११ मे रोजी सैन्य उतरले. एकाकी पडलेल्या किस्कातून जपान्यांनी २८ जुलै रोजी धुक्याच्या आडोशाने पाच हजारांवर माणसे गुपचूप काढून नेली. १५ ऑगस्टला दोस्तांचे सैन्य तेथे उतरले तेव्हा बेट रिकामे होते.

नेमक्या त्याच तारखेला सॉलोमन बेटांत ॲडमिरल हॉल्सी याच्या सैन्याने कोलोंबांगारा हे सु. दहा हजारांच्या शिबंदीचे बेट टाळून पलीकडचे व्हेला लाव्हेला गाठले. न्यू जॉर्जियातील मुंडा धावपट्टीसाठी जून अखेरपासून पाच आठवडे जंगलात सैन्य झिजले होते. त्या अनुभवातून हॉल्सी व त्याचा उभयचर दलप्रमुख विल्किन्सन या निर्णयाला आले. याच सुमारास न्यू ब्रिटनमधील राबाउल हा प्रचंड जपानी तळ जिंकायचा की कोंडायचा, हा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये निघाला. मॅकआर्थरच्या त्या वेळच्या योजनेत राबाउल जिंकणे हेच उद्दिष्ट होते. संयुक्त सेनाप्रमुखांनी सुचवलेल्या वगळण्याला त्याने आक्षेप घेतला, आणि ऑगस्ट १९४३ च्या क्वेबेक परिषदेत राबाउल वगळण्याचे ठरले. पुढे एप्रिल १९४४ मध्ये न्यू गिनीच्या किनाऱ्यावरील वेवाक मागे टाकून हॉलंडियावर मारलेली झेप या पद्धतीतील सर्वांत धाडसी उडी ठरली, आणि ती मॅकआर्थरचीच होती. तेव्हा पद्धतीचा जनक आणि तिचा सर्वांत कुशल वापर करणारा हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे बरे. सैन्य व जहाजांच्या टंचाईतून निरनिराळ्या आघाड्यांवर जवळजवळ एकाच वेळी ती साकारली, हे मत पुराव्याशी अधिक जुळते.

नाविक पार्श्वभूमी : वगळलेल्या बेटाभोवतीचा समुद्र व आकाश आपल्या हाती असणे ही या पद्धतीची पूर्वअट. पर्ल हार्बरनंतर (७ डिसेंबर १९४१) सहा महिने ती अमेरिकेपाशी नव्हती. मिडवेच्या लढाईत (जून १९४२) आकागी, कागा, सोर्यू व हिर्यू ही चार जपानी विमानवाहू जहाजे बुडाली. त्यानंतर ग्वादलकॅनालवर (७ ऑगस्ट १९४२–९ फेब्रुवारी १९४३) सहा महिने एका धावपट्टीसाठी झुंज चालली. दिवसा त्या धावपट्टीवरील विमानांमुळे अमेरिकेचे, तर रात्री विनाशिकांमुळे जपानचे पाणी, अशी वाटणीच झाली होती. साव्हो बेटाजवळच्या एका रात्रीत दोस्तांच्या चार जड क्रूझर बुडाल्या. तरी अखेर रसद तुटली ती जपानची. त्यांच्या सु. पंचवीस हजार मृतांपैकी मोठा भाग उपासमार व रोगांनी गेला. जपानी सैनिक या बेटाला ‘गातो’ म्हणू लागले, म्हणजे उपासमारीचे बेट.

तारावा आणि भरतीचा प्रश्न : मध्य पॅसिफिकमधील पहिला मोठा हल्ला गिल्बर्ट समूहातील तारावा कंकणद्वीपाच्या बेतियो बेटावर २० नोव्हेंबर १९४३ रोजी झाला. बेट सु. तीन किमी. लांब व अतिशय अरुंद. ७६ तासांच्या लढाईत सु. एक हजार अमेरिकी मारले गेले. साडेचार हजारांवर जपानी सैनिक व कोरियन मजुरांपैकी १७ जपानी व १२९ कोरियन तेवढे जिवंत हाती लागले. या हानीचे एक मुख्य कारण पाणी होते. उतरणीच्या होडीला भरलेल्या स्थितीत साडेतीन ते चार फूट पाणी लागे. कड्यावर पाच फूट मिळेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात सु. तीन फूट मिळाले. पट्ट्यांवर चालणाऱ्या सु. १२५ उभयचर गाड्या कडा चढून गेल्या. मागच्या लाटांच्या होड्या मात्र कड्यावर टेकल्या आणि सैनिक छातीभर पाण्यातून, बंदुका डोक्यावर धरून, मशीनगनच्या माऱ्यात सु. पाचशे मीटर चालत गेले.

हे पाणी का वाढले नाही? प्रारंभीच्या वृत्तांतांत तो दैवयोग किंवा अनियमित भरती म्हणून सांगितला आहे. भौतिकशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन याने १९८७ साली चंद्रगणित मांडून दाखवले, की त्या दिवसांत चंद्र शेवटच्या चतुर्थकात होता आणि पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बिंदूपाशीही. म्हणजे भांगाची (कमी चढणारी) भरती, तीही सर्वांत दुबळी. कृष्ण अष्टमीच्या आसपास पाणी नीट चढत नाही हे कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला ठाऊक असते. दूरस्थ चंद्राची भर पडल्याने बेतियोला ते जवळजवळ दीड दिवस हललेच नाही. गिल्बर्ट बेटांत दीर्घकाळ राहिलेल्या मेजर हॉलंड याने तीन फुटांहून अधिक पाणी मिळणार नाही असा इशारा आधीच दिला होता. ओल्सनचे गणित व हा इशारा एकत्र ठेवता ‘अनपेक्षित भरती’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. मग उभयचर गाड्या वाढवल्या गेल्या, पूर्वमारा लांबवला गेला आणि पाण्यात बुडी मारून कड्यांची पाहणी करणाऱ्या सैनिकांची पथके पाठवली जाऊ लागली. क्वाजालीन जिंकताना (फेब्रुवारी १९४४) अमेरिकी मृतांचा आकडा चारशेच्या आत राहिला. वोत्ये, मालोएलाप, मिली व यालूत ही मार्शल बेटे वगळली गेली.

तळ व रसद : जिंकलेले बेट वापरात आणण्याचे काम ‘सीबीज’ या नाविक बांधकाम दलाचे. खारकच्छातून काढलेले प्रवाळ चुरून पसरायचे, समुद्राच्या पाण्याने भिजवायचे आणि रूळ फिरवायचा. वाळल्यावर ते सिमेंटासारखे घट्ट बसे. घाई असल्यास दहा फूट लांबीचे भोकांचे पोलादी पत्रे एकमेकांत अडकवून धावपट्टी अंथरली जाई. एक पत्रा सु. तीस किलोचा, दोन माणसांनी उचलण्याजोगा. पश्चिम कॅरोलाइनमधील उलिथी कंकणद्वीप सप्टेंबर १९४४ मध्ये प्रतिकाराशिवाय हाती आले आणि काही आठवड्यांत तेथे तरंगत्या गोद्या, तेलवाहू जहाजे व दुरुस्तीनौका यांचे नगर उभे राहिले. लढाईच्या वर्णनांपुढे हा भाग नेहमी उपेक्षित राहतो, वास्तविक आरमाराला पर्ल हार्बरपर्यंत माघारी न जाता महिनोन्‌महिने समुद्रावर ठेवले ते यानेच.

पाणबुड्यांचा वाटाही असाच. अमेरिकी नाविक दलाच्या मनुष्यबळात सु. दोन टक्के असलेल्या या शाखेने जपानच्या बुडालेल्या व्यापारी टनभारापैकी निम्म्याहून अधिक बुडवला. तिच्या ५२ पाणबुड्या व सु. साडेतीन हजार माणसे गेली. सुरुवातीची दीड वर्षे मात्र मार्क १४ जातीच्या टॉर्पेडोत दोष होते. जून १९४२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात मासेमारीचे जाळे पाण्यात उभे सोडून त्यावर टॉर्पेडो डागले आणि भोके मोजली, तेव्हा ते ठरवलेल्या खोलीपेक्षा सु. अकरा फूट खालून जातात हे सिद्ध झाले. आघाताने फुटणाऱ्या यंत्रणेतील दोष त्यानंतर वर्षभराने सापडला. जपानने व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र दल उभारले ते नोव्हेंबर १९४३ मध्ये.

मेरियाना ते ओकिनावा : मेरियाना समूहातील सायपानवर १५ जून १९४४ रोजी सैन्य उतरताच जपानी आरमार निर्णायक लढाईसाठी बाहेर पडले. फिलिपीन समुद्राच्या लढाईत (१९-२० जून) त्याची तीन विमानवाहू जहाजे व बहुसंख्य प्रशिक्षित वैमानिक गेले. सायपान पडल्यावर पंतप्रधान तोजो याच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि २४ नोव्हेंबरपासून तेथून बी-२९ ही लांब पल्ल्याची बाँबफेकी विमाने टोकियोवर जाऊ लागली. पलाऊ समूहातील पेलेलिऊ (सप्टेंबर–नोव्हेंबर १९४४) वगळता आले असते, असे मत आता प्रबळ आहे. हॉल्सीने तशी शिफारस केलीही होती. इवो जिमाबाबतचा (फेब्रुवारी–मार्च १९४५) वाद अधिक अवघड आहे. सु. ६,८०० अमेरिकी मृतांच्या समर्थनार्थ तेथे संकटात उतरलेल्या २,२५१ बी-२९ विमानांचा आकडा दिला जातो, पण त्यांतील बहुतेक उतरणी इंधन भरणे, सराव अशा कारणांसाठी होत्या. त्यामुळे तो आकडा वाचलेल्या विमानांचा म्हणून घेणे योग्य नाही. ओकिनावात (एप्रिल–जून १९४५) मुख्यतः आत्मघाती विमानांमुळे सु. ४,९०० अमेरिकी नौसैनिक गेले. स्थानिक नागरिकांचे मृत्यू अनेक अंदाजांनुसार लाखाच्या घरात जातात.

मागे राहिलेल्या शिबंद्या व बेटवासी : वगळलेल्या बेटांची स्थिती जमिनीनुसार बदलली. राबाउलच्या ज्वालामुखीय मातीत जनरल इमामुराच्या सु. नव्वद हजारांवर सैन्याने मळे फुलवले आणि ते युद्ध संपेपर्यंत टिकले. मिली, वोलेआई यांसारख्या प्रवाळाच्या बेटांवर माती नव्हतीच. तेथे माणसे भुकेने मेली. जपानच्या सु. २३ लाख लष्करी मृतांपैकी भूक व त्यातून आलेल्या रोगांचे बळी इतिहासकार फुजिवारा अकिरा सु. साठ टक्के मानतो, तर हाता इकुहिको ३७ टक्के. हाताचा अंदाज अधिक सावध असला, तरी तोही भयंकर आहे.

बेटवासीयांची हानी मोठी होती. जपान्यांनी सु. १,२०० नाउरूवासीयांना कॅरोलाइन समूहातील ट्रुक येथे हलवले. १९४६ मध्ये त्यांतील ७३७ परतले. नाउरूजवळच्या बनाबा बेटावर जपानच्या शरणागतीनंतरच्या दिवसांत सु. दीडशे स्थानिकांना मारण्यात आले.

सिंगापूरला पकडलेले हजारो हिंदी युद्धकैदी न्यू गिनी व राबाउल येथे मजुरीसाठी नेले गेले. अंदमान बेटे हिंदी महासागरातली, पण ती याच तर्काने वगळली गेली असे म्हणता येते. २३ मार्च १९४२ रोजी ती जपानने घेतली आणि युद्ध संपेपर्यंत ती जिंकण्यासाठी तेथे सैन्य उतरवण्याचा प्रयत्न झाला नाही. ३० डिसेंबर १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला. त्यानंतर महिन्याभरात, ३० जानेवारी १९४४ रोजी, हेरगिरीच्या आरोपावरून ४४ हिंदी नागरिकांना होंफ्रेगंज येथे गोळ्या घालण्यात आल्या. ज्या सेल्युलर जेलची ओळख मराठी वाचकाला सावरकरांमुळे आहे, त्याच कोठड्यांत या काळात बेटावरील रहिवाशांचा छळ झाला. समुद्रमार्ग तुटल्याने अन्न संपत गेले, आणि ऑगस्ट १९४५ मध्ये ‘निरुपयोगी तोंडे’ कमी करण्यासाठी शेकडो लोकांना हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात उतरवून देण्यात आले. त्यांतील अगदी थोडे जगले. ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रिटिशांनी बेटांचा ताबा परत घेतला.

पूर्वीची जपानी आदेशित बेटे १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली अमेरिकेकडे गेली. त्याआधीच, जुलै १९४६ मध्ये, मार्शल समूहातील बिकिनी येथील रहिवाशांना हलवून तेथे अणुचाचण्या सुरू झाल्या होत्या.