द्रव्याच्या अवस्था

तापमान आणि दाब बदलला की एकच पदार्थ वेगवेगळ्या रूपांत आढळतो. या रूपांना द्रव्याच्या अवस्था म्हणतात. स्थायू, द्रव आणि वायू या नेहमीच्या तीन. आयनद्रायू म्हणजेच प्लाझ्मा ही चौथी. अवस्था हा एकट्यादुकट्या कणाचा गुण नव्हे. पाण्याचा सुटा रेणू कडक नसतो आणि ओलाही नसतो. बर्फात, पाण्यात, वाफेत तो तोच असतो. कणांची एकमेकांबद्दलची ओढ आणि त्यांची धावपळ यांत कोण वरचढ ठरते, त्यावर सगळ्या समूहाची अवस्था ठरते. म्हणून बर्फ वितळतो तेव्हा रेणू वितळत नाहीत आणि लोखंड तापून प्रसरण पावते तेव्हा अणू फुगत नाहीत, त्यांच्यातले सरासरी अंतर वाढते.

स्थायूत ओढ जिंकलेली असते. कण जागा सोडत नाहीत, पण स्वस्थही बसत नाहीत. जागच्या जागी कंप पावत राहतात. मीठ, साखर, धातू यांत त्यांची मांडणी नियमित, म्हणजे स्फटिकी असते. काचेत ती द्रवासारखी विस्कळीत असते, तरी कण जखडलेले असल्याने काच स्थायूच. युरोपातल्या जुन्या चर्चमधल्या खिडक्यांच्या काचा शतकानुशतके ओघळून तळाशी जाड झाल्या, ही समजूत चुकीची आहे; त्या काळच्या पद्धतीने बनवलेली काच मुळातच कमीजास्त जाडीची निघे.

सर्वांत जास्त गैरसमज द्रवाबद्दल आहेत, आणि त्याला आकृत्या बऱ्याच अंशी जबाबदार आहेत. स्थायूचे ठिपके चिकटून, वायूचे दूर दूर आणि द्रवाचे त्या दोहोंच्या बरोबर मध्ये असे चित्र सर्रास काढले जाते. प्रत्यक्षात द्रवाचे कण स्थायूइतकेच, जवळजवळ खेटून असतात. बहुतेक धातूंचे आकारमान वितळताना काही टक्क्यांनीच वाढते. उलट १०० अंश सेल्सिअसच्या पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १,६०० पट जागा लागते. द्रवाचे वेगळेपण अंतरात नसून शेजार बदलण्यात आहे. कण एकमेकांवरून सरकतात, म्हणून द्रव भांड्याचा आकार घेतो. मध्ये फारशी मोकळी जागा नसल्याने तो दाबून लहान मात्र होत नाही. जेसीबीचा बाहू तेलाच्या दाबावर उचलला जातो तो याच गुणामुळे.

पाणी इथेही अपवाद. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधाने जोडलेला असतो आणि ही जाळी पोकळ असते. वितळताना ती ढासळते आणि रेणू जवळ येतात. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो, आणि फ्रीझरमध्ये काठोकाठ भरून ठेवलेली काचेची बाटली फुटते.

वायूत ओढ जवळपास निष्प्रभ ठरते. खोलीच्या तापमानाला हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूंचा वेग सरासरी सेकंदाला ५०० मीटरच्या घरात असतो. मग अत्तराचा वास क्षणात खोलीभर का पोचत नाही? कारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकेही अंतर कापण्याआधी रेणू दुसऱ्यावर आदळतो आणि दिशा बदलतो. खरे तर घरात वास पसरतो तो मुख्यतः हवेच्या झुळकांमुळे. निव्वळ विसरणाला, म्हणजे रेणूंनी धडका खात आपोआप पसरण्याला, फार वेळ लागतो. या धडकांचा दृश्य पुरावा द्रवात मिळाला. १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांना परागकणांतले सूक्ष्म कण पाण्यात अखंड हेलकावताना दिसले. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी त्याचे गणित मांडले आणि फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झां पेरॅं यांच्या प्रयोगांनी ते खरे ठरवले.

अवस्था बदलत असताना उष्णता देऊनही तापमान वाढत नाही. ती ऊर्जा कणांमधली पकड सोडवण्यात खर्च होते. हीच अप्रकट उष्मा. ० अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ जूल पुरतात, पण १०० अंशाच्या तेवढ्याच पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० जूल लागतात. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून भयंकर असतो तो यामुळेच. बाष्पीभवन मात्र उकळण्याची वाट पाहत नाही. पृष्ठभागावरचे वेगवान रेणू निसटतात, मंद मागे राहतात आणि माठातले पाणी गार होते.

दाबही तितकाच महत्त्वाचा. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तर प्रेशर कुकरमध्ये ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. कापूर आणि डांबरगोळ्या द्रव न होताच हवेत विरतात. याला संप्लवन म्हणतात. हेलियम त्याहून हटवादी आहे: नेहमीच्या वातावरणीय दाबाला कितीही थंड केले तरी ते गोठत नाही, त्यासाठी सुमारे २५ पट दाब लागतो.

वायूच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले की आयनद्रायू बनतो. तो वीज वाहून नेतो आणि चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतो. सूर्य, आकाशातली वीज, पेटलेली ट्यूबलाइट ही त्याची ठिकाणे. दुसऱ्या टोकाला बोस-आइन्स्टाइन संघनित आहे: केवल शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाच्या, अगदी जवळ पुष्कळसे अणू एकाच क्वांटम स्थितीत येतात आणि त्यांना वेगवेगळे ओळखता येत नाही. १९२४ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पाठवलेल्या लेखातून ही कल्पना निघाली. रुबिडियमच्या अणूंवर ती प्रत्यक्षात उतरली १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात.