ब्रीडिंग डॉग फॉस्टरिंग (ब्रिटन)

ब्रीडिंग डॉग फॉस्टरिंग म्हणजे गाईड डॉग्स या, अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे (गाईड डॉग) तयार करणाऱ्या संस्थेच्या मालकीची पैदाशीची कुत्री स्वतःच्या घरी ठेवायची, घरच्यासारखी सांभाळायची, तिचं बाळंतपण करायचं आणि पिल्लं जरा मोठी झाली की परत देऊन टाकायची. पगार नाही. खाणं, डॉक्टर, सामान हा खर्च संस्था करते. लोक याची नेहमी पपी रेझिंगशी गल्लत करतात, पण ते काम वेगळं, त्यात दोनेक महिन्यांचं पिल्लू घरी येतं आणि वर्षभर वगैरे राहतं. इथे पिल्लाची आई घरी असते, म्हणजे सरळ माहेरच.

ब्रिटनमधले पहिले चार गाईड डॉग १९३१ साली वॉलसीला तयार झाले, म्युरिअल क्रूक आणि रोझमंड बाँड या दोघींच्या खटपटीतून. जुडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा, चौघी जर्मन शेफर्ड. १९३४ मध्ये संस्था रीतसर उभी राहिली. सुरुवातीला कुत्रे मिळतील तिथून घ्यायचे आणि मग त्यातला कोण या कामाचा हे ट्रेनिंगमध्ये कळायचं, म्हणजे उशिराच. आपणच पैदास केली तर आईबापाचा स्वभाव, नितंबाचे सांधे, डोळे सगळं आधी तपासता येतं, म्हणून ब्रीडिंग सुरू झालं. २०११ पासून त्याचं राष्ट्रीय केंद्र लेमिंग्टन स्पा गावाजवळ आहे. आता लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि या दोघांचा क्रॉस जास्त दिसतो.

मग केंद्रातच कुत्र्या का ठेवत नाहीत? कारण पिल्लांचं तीन ते साधारण बारा आठवड्यांचं वय फार नाजूक असतं, तेव्हा जे कानावर पडतं त्याची भीती जाते. पुढे ज्याला माणसाबरोबर घरात, बसमध्ये, बाजारात राहायचंय त्याने व्हॅक्यूम क्लीनर, वॉशिंग मशीन, दाराची बेल, पोरांचा आरडाओरडा पाळण्यातच ऐकलेला बरा. केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या खोल्यांत, हे सगळं मुद्दाम करावं लागतं, घरात ते फुकट होतं.

कुत्री हीटवर (माजावर) आली की केंद्राला कळवायचं, तिकडे रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बघून मेटिंगचा दिवस ठरतो, महिनाभराने सोनोग्राफी. गर्भारपण ६३ दिवसांच्या आसपास. शेवटच्या दिवसांत थर्मामीटर घेऊन मागेमागे फिरायचं, अंगाचं तापमान ३७ अंशांच्या खाली उतरलं की बहुतेक २४ तासांच्या आत व्यायला बसतेच (आणि हो, बहुतेक रात्रीच). व्हेल्पिंग बॉक्सला, म्हणजे बाळंतपणाच्या पेटीला, आतून कडेने दांडा असतो, नाहीतर थकलेली आई भिंतीला टेकून लवंडते आणि मागे पिल्लू चिरडतं. प्रत्येक पिल्लामागे वार पडली का हे मोजायचं. सगळी एकसारखी काळी किंवा पिवळी, म्हणून गळ्यात रंगीत पट्ट्या, आणि रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन: निळ्याचं वाढलं, हिरव्याचं नाही, मग हिरव्याला आधी दूध लावा. डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. पिल्लं वरचं खाऊ लागेपर्यंत आई स्वच्छता करते, त्यानंतर वर्तमानपत्रांची रद्दी आणि तुम्ही.

साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं केंद्रात जातात आणि घर एकदम सुनं पडतं, आई मात्र आपल्या आधी सावरते असं अनुभवी लोक सांगतात. आपली म्हणून कुत्री हवी असेल त्याने यात पडू नये, कारण कोणाशी मेटिंग, कधी आणि किती वेळा हे ठरवणार संस्था. शिवाय केंद्राच्या जवळपास राहणं, कुंपण असलेली बाग आणि दिवसा घरी कोणीतरी असणं लागतं. ब्रीडिंगमधून निवृत्त झाल्यावर बऱ्याचदा ती त्याच घरात राहते, तेव्हा कुठे ती खरी घरची होते.

नर सांभाळणाऱ्यांचं काम मात्र आरामाचं. बोलावणं आलं की केंद्रात नेऊन सोडायचा, काम झालं की घेऊन यायचा, बाकी दिवस तो सोफ्यावर.