ऑनलाइन प्रशिक्षण कार्यक्रम : आखणी व अंमलबजावणी

ऑनलाइन प्रशिक्षण कार्यक्रम : एखादे काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या व्यक्तींना ते नीट जमावे, यासाठी इंटरनेटद्वारे दिले जाणारे नियोजित शिक्षण. प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी ठरल्या वेळी पडद्यावर एकत्र येतात, ही समकालिक पद्धत. प्रशिक्षणार्थी सवडीने पाठ पाहून व सराव करून पुढे जातो, ही असमकालिक पद्धत. बहुतेक चांगल्या कार्यक्रमांत दोन्हींचा मिलाफ असतो आणि कधी प्रत्यक्ष भेटीच्या एखाद्या दिवसाची जोडही असते. व्याख्यानाचे चित्रीकरण करून ते संकेतस्थळावर चढवले की प्रशिक्षण झाले, हा समज २०२० नंतरच्या घाईत बराच पसरला. प्रत्यक्षात पाठ पोचवणे हा त्यातला सोपा भाग आहे. शिकणाऱ्याने केलेले काम शिकवणाऱ्याकडे परत येणे आणि ते तपासून पुन्हा त्याच्या हाती जाणे, यावर कार्यक्रमाचा कस ठरतो.

ही गोष्ट इंटरनेटपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली स्वस्त टपालसेवा सुरू झाली, तेव्हा आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे पोस्टाने द्यायला सुरुवात केली. विद्यार्थी छोटा उतारा लघुलिपीत उतरवून पाठवीत आणि तो दुरुस्त होऊन परत येई. पुढे साधने बदलत गेली. इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ ही संगणकप्रणाली १९६० मध्ये सुरू झाली आणि तिने विद्यार्थ्याच्या उत्तराला तत्काळ प्रतिसाद देण्याची सोय केली. भारतात १९७५–७६ मधील ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले व त्यांत प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचाही समावेश होता. तंत्र म्हणून तो प्रयोग मोठा असला, तरी चित्रवाणीचा प्रवाह एकाच दिशेने वाहत असे. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने छापील स्वयंअध्ययन साहित्य आणि अभ्यासकेंद्रे यांच्या जोडीवर दूरशिक्षण उभे केले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला २०११ मध्ये सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले, पण तो पुरा करणारे त्यांतील थोडेच होते, आणि नोंदणी व पूर्तता यांतील ही दरी पुढच्या अशा सर्व महाअभ्यासक्रमांना (हजारोंसाठी खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना) चिकटून राहिली. भारतात ‘स्वयम्’ व ‘दीक्षा’ ही ऑनलाइन शिक्षणाची सरकारी व्यासपीठे २०१७ मध्ये सुरू झाली. शिक्षकांसाठीचा ‘निष्ठा’ कार्यक्रम २०१९ मध्ये समोरासमोर सुरू होऊन २०२० मध्ये ‘दीक्षा’वर ऑनलाइन आला.

आखणीच्या रूढ पद्धतीत विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी व मूल्यमापन असे पाच टप्पे मानतात. त्यांचे मूळ फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने १९७५ मध्ये अमेरिकी लष्करासाठी तयार केलेल्या प्रतिमानात आहे. टप्पे पाचही आवश्यक असले, तरी चुका बहुधा पहिल्यात होतात. ‘सहभागींना विषयाची माहिती होईल’ असे उद्दिष्ट लिहिले, की पुढे माहितीच्या सरकपट्ट्या (स्लाइड) तयार होतात. त्याऐवजी ‘प्रशिक्षणानंतर ही व्यक्ती सोमवारी सकाळी काय वेगळे करील?’ असा प्रश्न विचारावा लागतो.

अंगणवाडी सेविकांना बालकांची वाढ मोजायला शिकवायचे आहे, असे समजा. विषय लहान वाटतो, पण कामात अनेक निर्णय दडलेले असतात. दोन वर्षांखालील बाळाची लांबी झोपवून मोजायची असते आणि त्यावरील मुलाची उंची उभे करून. झोपवून मोजताना एकीने बाळाचे डोके पट्टीच्या स्थिर टोकाला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे हलके दाबून सरकती फळी तळपायांना लावायची. गुडघे वाकलेले राहिले, तर लांबी कमी भरते, त्या लांबीच्या मानाने वजन पुरेसे दिसते आणि कृश बाळ नोंदवहीत सर्वसाधारण ठरते. कुपोषणाची व्याख्या सांगणारा अर्ध्या तासाचा व्हिडिओ ही चूक रोखू शकत नाही. त्यापेक्षा असा प्रश्न अधिक उपयोगी पडतो : ‘बाळ १९ महिन्यांचे आहे, रडते आहे, काही केल्या झोपत नाही, उभे करून ७४.५ सेंमी भरले. तुम्ही काय नोंदवाल?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार अशा वेळी ०.७ सेंमी मिळवायचे असतात, म्हणजे उत्तर ७५.२ येते. येथे ७४.५ हे उत्तर देणारी सेविका नियम विसरलेली असते, तर ७३.८ म्हणणारीने नियम लक्षात ठेवून तो उलटा लावलेला असतो. दोघींना ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच दाखवणारा कार्यक्रम शिकवण्याची संधी वाया घालवतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागचे कारण ओळखून त्याला वेगळे उत्तर लिहून ठेवणे, हे आखणी करणाऱ्याचे सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी दिसणारे काम असते.

व्हिडिओचे स्थान दाखवण्यापुरते असते. ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला, तरी प्रेक्षकांच्या पाहण्याच्या काळाचा मध्यक (निम्मे ज्याहून कमी व निम्मे ज्याहून जास्त पाहतात, तो काळ) सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे आढळले. यावरून प्रत्येक पाठ सहा मिनिटांचाच हवा, असा नियम काढणे चुकीचे ठरेल. एका व्हिडिओत एकच कृती दाखवावी, एवढे मात्र त्यातून निघते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनुसार पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवल्यास शिकण्यात अडथळा येतो, कारण डोळे आणि कान एकाच गोष्टीत गुंततात व चित्राकडे लक्ष देता येत नाही. आपल्याकडच्या बैठकांत सरकपट्टी वाचून दाखवण्याची सवय इतकी मुरलेली आहे, की ती ऑनलाइन पाठांतही तशीच उतरते. ज्यांना ऐकू कमी येते किंवा पाठाची भाषा परकी आहे, त्यांच्यासाठी उपशीर्षके मात्र हवीतच.

सरावाची वाटणी हा दुसरा मुद्दा. शिकलेले काळाबरोबर कसे विसरत जाते, हे दाखवणारा विस्मरणाचा वक्र मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडला होता. रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत अधिक आठवले, पण आठवड्याने स्वतः आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. म्हणून पाच दिवसांचे सलग सत्र घेऊन शेवटी एक परीक्षा लावण्याऐवजी तोच वेळ सहा आठवड्यांत पसरवून मधूनमधून छोटे प्रश्न पाठवणे अधिक फलदायी ठरते. प्रशासनाला मात्र पाच दिवसांची हजेरी सोपी वाटते.

अंमलबजावणीत तंत्रापेक्षा परिस्थिती आड येते. प्रशिक्षणार्थ्याकडे बहुधा मोबाइल असतो, तोही घरात दोघांतिघांत वाटलेला, आणि डेटा दुपारीच संपतो. त्यामुळे पाठ उतरवून ठेवून इंटरनेटविना पाहता येणे, ही ‘दीक्षा’सारख्या व्यासपीठांवरील सोय ग्रामीण भागात निर्णायक ठरते. समकालिक सत्रात शेकडो जण जोडलेले असले, की प्रशिक्षकाला चेहरे दिसत नाहीत, कॅमेरे बंद असतात आणि ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नात पहिली काही मिनिटे जातात. अशा सत्रात नवा पाठ सांगण्याऐवजी आधी सोडवलेल्या सरावातील चुकांची चर्चा करणे आणि पंचवीस-तीस जणांमागे एक मार्गदर्शक नेमणे हा चांगला उपाय असतो. मार्गदर्शकाने दोन दिवसांत उत्तर दिले नाही, तर प्रश्न विचारणारे पुन्हा विचारत नाहीत.

मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन व परिणाम या चार पातळ्या आजही वापरल्या जातात. बहुतांश कार्यक्रम पहिल्या पातळीवर थांबतात : अभिप्रायाचा अर्ज भरल्याशिवाय प्रमाणपत्र उतरत नसल्याने सगळे ‘उत्तम’वर टिचकी मारतात. प्रमाणपत्र बढतीशी किंवा सेवापुस्तकाशी जोडले, की व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडणे आणि प्रश्नांची उत्तरे व्हॉट्सॲप गटात फिरणे हेही ओघाने येते. त्याबद्दल शिकणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण जे मोजले जाते, ते त्याने अचूक ओळखलेले असते. वरील उदाहरणात तिसरी पातळी पाहायची, तर पर्यवेक्षिकेने महिना-दोन महिन्यांनी अंगणवाडीत उभे राहून सेविका बाळाचे गुडघे दाबते की नाही, हे पाहावे आणि तेच बाळ स्वतः पुन्हा मोजून दोन आकडे ताडावेत. त्यासाठी प्रवासखर्च लागतो, आणि ऑनलाइन कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात तो सहसा धरलेला नसतो.

देखभालीचा खर्चही असाच विसरला जातो. बाळाला झोपवण्याची रीत वर्षानुवर्षे बदलत नाही, पण ज्या ॲपमध्ये मोजमाप भरायचे, त्याचा पडदा एखाद्या अद्ययावतीकरणात बदलतो आणि ‘येथे उजवीकडचे हिरवे बटण दाबा’ असे सांगणारा पाठ गोंधळ वाढवू लागतो. म्हणून अनुभवी निर्माते टिकाऊ कौशल्याचे चित्रीकरण वेगळे ठेवतात आणि ॲपच्या पायऱ्या एकपानी चित्रपत्रकात देतात. पडदा बदलला, की तेवढेच पान नवे करावे लागते.