किरकोळ खर्चातला माणूस

‘फ्लॅट घेतला लेक व्ह्यू. लेक न्यू जर्सीला. व्ह्यू रविवारी सकाळी साडेसातला, व्हिडिओ कॉलवर.’

हे रील ज्याच्या फोनवर आलं नाही असं ठाण्यात, निदान नौपाड्यात तरी, कुणी उरलं नसावं. रीलमधले गृहस्थ साठी ओलांडलेले आहेत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आणि चेहरा असा की बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेत. पोस्टरवर नुसतं ‘काका’ छापतात. प्लॅन उघडला की दोन दिवसांत भरतो. ‘साठीनंतर रातोरात प्रसिद्ध’ असं त्यांच्याबद्दल सध्या लिहून येतंय. त्यातल्या रातोरातबद्दल थोडं सांगायचं आहे. नाव मीही लिहीत नाही, काकाच म्हणतो.

एक आधीच सांगतो. मी नौपाड्यातल्या एका गणेशोत्सव मंडळाचा आठ वर्षं खजिनदार होतो. त्यामुळे खाली ऑर्केस्ट्राच्या दिवसांना जरा जास्त जागा मिळेल.

विनोदी माणसाची परंपरा सांगायची तर सोंगाड्या, बहुरूपी, भारूड, कीर्तनाचा उत्तररंग असं सगळं सांगतात. असेल. पण वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर म्हणून लागलेल्या पोराला यातलं काही वारशाने मिळालं नव्हतं. त्याला मिळालं ते कंपनीचं स्नेहसंमेलन. साठच्या दशकात एमआयडीसी आली, वागळे इस्टेट उभी राहिली आणि ठाण्यात कारखान्यांबरोबर कामगारांचे नाट्यगट, भजनी मंडळं आणि साहेबाची नक्कल करणारा प्रत्येक खात्यातला एक माणूस असा सगळा संसार आला. धारावीत वाढलेल्या, साबणाच्या कंपनीत कामाला असलेल्या एकाने पुढे त्या कंपनीचंच नाव आडनाव म्हणून लावलं आणि तो सिनेमात गेला. तेव्हापासून प्रत्येक कंपनीतल्या नकलाकाराला आपलाही नंबर लागणार असं वाटू लागलं. बहुतेकांचा लागला नाही.

काकांचा नंबर ऑर्केस्ट्रापर्यंत लागला. ऐंशीच्या दशकाची अखेर ते नव्वदच्या मध्यापर्यंत ठाण्यात दहा दिवसांच्या गणपतीत मोठ्या मंडळाकडे एक तरी रात्र ऑर्केस्ट्राची असायची. गायिकेला साडी बदलायची असते, कोंगोवाल्याचं काही तरी निसटलेलं असतं, जनरेटर आचके देत असतो, अशा वेळी ज्याच्या हातात माइक कोंबतात तो मिमिक्रीवाला. ‘दहा मिनिटं ओढ’ एवढीच त्याला सूचना. राजकुमार, निळू फुले, दादा कोंडके, कुकरची शिट्टी, कोंबडा, ठाणे स्टेशनवरची अनाउन्समेंट, हा सगळ्यांचा ठरलेला माल. काकांकडेही होता, आणि खरं सांगायचं तर बेताचाच होता. त्यांचा राजकुमार निळू फुल्यांसारखा वाटायचा.

मजा यायची ती दोन नकलांच्या मधे. घसा साफ करता करता ते स्वतःचं काही तरी सांगायचे. फोरमनबद्दल, चाळीतल्या नळाबद्दल, मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांत सापडलेल्या खड्याबद्दल. लोक नकलेला टाळ्या द्यायचे आणि या मधल्या बडबडीला हसायचे. हा फरक तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आला नाही, त्यांच्याही नाही.

एक रात्र मात्र पक्की लक्षात आहे. सातवा दिवस, गल्लीतली लाइट गेलेली, जनरेटरने मान टाकलेली, माइक मुका. लोक उठायला लागले तसे काका लोखंडी खुर्चीवर चढले आणि गेलेल्या लाइटीवर बोलायला लागले. पुढच्या चार-पाच रांगांना ऐकू जात होतं, मागच्यांना नाही. मग पुढचे मान वळवून विनोद मागे पोचवायला लागले. त्यामुळे हशा दोन हप्त्यांत यायचा, आधी पुढून आणि मग मागून, आणि काका दुसऱ्या हप्त्यासाठी थांबायचे. वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं. लाइट आली तेव्हा लोकांना जरा वाईटच वाटलं.

अध्यक्ष म्हणाले, त्याला काही तरी द्या. ऑर्केस्ट्रावाला त्यांना नाइट, म्हणजे त्या रात्रीचे पैसे, द्यायचाच, पण ती फार नव्हती आणि कधी कधी पुढच्या गणपतीपर्यंत लांबायची. मी ५१ रुपये पाकिटात घातले. वहीत लिहायची वेळ आली तेव्हा अडलो. ‘कलाकार मानधन’ या सदरात फक्त ऑर्केस्ट्राची पावती बसत होती. हा माणूस आमचा गायक नाही, वादक नाही, निवेदक तर नाहीच. मी ‘किरकोळ’ खाली लिहिलं, ‘मिमिक्री, ५१’. त्याच्या वर ‘हार-तुरे’, खाली ‘सुतळी व खिळे’.

हा प्रश्न माझ्या वहीपुरता नव्हता. जे काका करत होते त्याला मराठीत त्या काळी नाव नव्हतं, आणि नाव नाही म्हणून सदर नाही, स्पर्धा नाही, दरही नाही. आपल्याकडे एकटा माणूस रंगमंचावर उभा राहिला की त्याला एकपात्री म्हणायची पद्धत. १९६१ साली एका चाळीतली सगळी माणसं एका माणसाने उभी केली, पुढे मराठवाड्यातल्या एका प्राध्यापकाने अख्खं वऱ्हाड लंडनला नेलं. या दोघांनी एकपात्रीची उंची इतकी वाढवून ठेवली की नंतर येणाऱ्याला शिडी लागावी. पण त्यांचा खेळ एकाने अनेक होण्याचा होता. उपरणं इकडचं तिकडे केलं की माणूस बदलतो, ही त्यातली करामत. शेजारी कथाकथन होतं. तिथे लेखक गावोगाव जाऊन स्वतःची कथा सांगायचे, तिला सुरुवात आणि शेवट असायचा. नकला होत्या, त्यांत आवाज दुसऱ्याचा. काका अनेक होत नव्हते, कथा सांगत नव्हते, आणि दुसऱ्याचा आवाज काढणं त्यांना फारसं जमत नव्हतं. ते स्वतः म्हणूनच उभे राहायचे आणि ‘मी’ म्हणून बोलायचे. आज आपण याला बिनदिक्कत स्टँडअप म्हणतो. तेव्हा त्याला ‘टाइमपास’ म्हणायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ठाण्यातल्याच एका एकपात्री स्पर्धेत त्यांनी नाव दिलं. नकला अजिबात करायच्या नाहीत असं ठरवून गेले आणि बारा मिनिटं सेकंड शिफ्टवर बोलले. प्रेक्षक हसले, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. परीक्षकांनी मात्र प्रवेशिका स्पर्धेच्या चौकटीत बसत नाही असं सांगून त्यांचे गुणच मांडले नाहीत. कारण असं की सादरीकरणात ‘पात्र’ नव्हतं. काका तेव्हा म्हणाले होते, ‘पात्र मीच होतो की.’ परीक्षकांतल्या एकांचं म्हणणं आजही तेच आहे. स्वतः बोलणं म्हणजे भाषण, त्याला वक्तृत्व स्पर्धेत पाठवा. नियमावली त्यांच्या बाजूने होती हे मान्य करायला हवं. ‘एकाहून अधिक व्यक्तिरेखा’ असं तीत छापलेलंच होतं, मी वाचलं आहे. पण नियम बरोबर असूनही निर्णय चुकतो असं कधी कधी होतं, आणि माझ्या मते तो चुकला. उत्तेजनार्थ म्हणून काही तरी देता आलं असतं. गडकरी रंगायतन १९७८ पासून तलावपाळीवर उभं आहे, काका तिथून दहा मिनिटांवर राहतात, आणि त्या स्पर्धेनंतर पुढची जवळजवळ तीस वर्षं ते तिथे फक्त तिकीट काढून गेले. सध्या ‘आम्ही तेव्हाच ओळखलं होतं’ असं सांगणारे बरेच भेटतात, त्यांत त्या स्पर्धेचे दोन आयोजकही आहेत.

मग २००५ आलं. हे साल मुंबईकरांना पावसासाठी आठवतं, पण मंचावरच्या विनोदी माणसासाठी त्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. एक, हिंदी टीव्हीवर लाफ्टर चॅलेंज सुरू झालं, त्याचा पहिला विजेता विदर्भातलाच, आणि रेशन दुकानाच्या रांगेतसुद्धा लोक पंच मारायला लागले. दुसरी, रात्री दहानंतर भोंगे बंद हा नियम २००० पासून कागदावर होता, त्यावर त्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल आला आणि पोलीस खरंच दहाच्या ठोक्याला मंडपात येऊन उभे राहू लागले. मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण ऑर्केस्ट्रा रंगायचाच मुळी साडेदहानंतर. थोडक्यात, विनोदाला टीव्हीवर भाव आला त्याच वर्षी गल्लीतला मंच आटला. काकांकडे टीव्हीवर जाण्याइतकं हिंदी नव्हतं. त्यांचा विनोद ‘हो ना’, ‘बरं का’, ‘आता बघा’ यांच्या फटीत राहतो, आणि त्याचं हिंदी होत नाही.

नोकरीही गेली. कंपनीने व्हीआरएस आणली. ‘स्वेच्छानिवृत्ती. यातली स्वेच्छा कुणाची, ते पत्रात लिहिलं नव्हतं,’ हे वाक्य आज त्यांच्या कार्यक्रमात हमखास टाळी घेतं. पण ते मी पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर ऐकलं तेव्हा कुणी हसलं नव्हतं. पुढे दहाएक वर्षं त्यांनी एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात बसून फीच्या पावत्या फाडल्या. ठाणे-वाशी लोकल २००४ला सुरू झाली होती, तिने ऐरोलीला जायचे. घरगुती बारशी, साठीशांत, सोसायटीची पूजा इथे बोलायचे ते फुकट. पाकीट नाही, शाल आणि नारळ. घरात नारळांचं काय करायचं हा प्रश्न पडायचा, असं वहिनी सांगतात.

इथे अमेरिकेतल्या रॉडनी डेंजरफिल्डचं नाव घेण्याची फॅशन आहे. तरुणपणी मंच सोडला, अॅल्युमिनियमचे पत्रे विकले, चाळिशीच्या आसपास परत आला, १९६७ साली पंचेचाळिसाव्या वर्षी मोठ्या टीव्ही कार्यक्रमात झळकला. गोष्ट चांगली आहे, पण इथे लागू नाही. त्याने सोडलं होतं आणि तो परतला. काकांनी सोडलंच नव्हतं, त्यांना ठेवायला जागा नव्हती.

जागा झाली ती २०१६ नंतर, आणि तीही भराभर. त्या सप्टेंबरात डेटा जवळजवळ फुकट झाला. त्याच सुमारास मराठी पोरांनी यूट्यूबवर मराठीतला विनोद टाकायला सुरुवात केली आणि त्याला सरळ ‘मराठी स्टँडअप’ म्हटलं. टीव्हीवर थुकरटवाडी २०१४ पासून, हास्यजत्रा २०१८ पासून, पण ती स्किटं. पात्रांचाच खेळ. स्टँडअपने ‘मी’ला परवानगी दिली. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली ती, मधले काही महिने सोडले तर, ऑक्टोबर २०२१ पर्यंत. टिकटॉक बंद होऊन रील्स आली तीही २०२०च्याच उन्हाळ्यानंतर. काकांच्या भाचीने गॅलरीत उभं करून त्यांना बोलायला लावलं, कारण घरात ऐकून ऐकून सगळे कंटाळले होते.

नाट्यगृहं उघडल्यावर घोडबंदर रोडच्या एका कॅफेत त्यांचा पहिला ओपन माइक, म्हणजे नाव दिलेल्या कुणीही उभं राहून बोलायचा कार्यक्रम, झाला. मी गेलो होतो. सगळी पोरं पंचविशीतली, प्रत्येकाला पाच मिनिटांचा स्पॉट, वेळ संपत आली की मागून मोबाइलची बॅटरी दाखवतात. काकांनी ती बॅटरी बघितली आणि म्हणाले, ‘लाइट आली वाटतं.’ मी एकटाच हसलो. पोरांना कळायचं कारण नव्हतं. पुढे मात्र जमलं. फोरमन गेला, त्याच्या जागी सोसायटीचा सेक्रेटरी आला. नळ गेला, टँकर आला. ऐरोलीच्या आयटी पार्कांतून मराठी भाषा दिनाची निमंत्रणं यायला लागली. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात मी पाहिलेल्या प्रयोगाला मागच्या रांगांत उभे राहून बघणारे होते. आणि लेक व्ह्यूच्या रीलने बाकीचं केलं.

नावाचा घोळ अजून मिटलेला नाही. पोस्टरवर ‘स्टँडअप’, नाट्यगृहाच्या अर्जावर ‘एकपात्री’. नाटकाचं भाडं वेगळं, वाद्यवृंदाचं वेगळं, यांचं काय, हे काउंटरवरच्या माणसाला समजावताना अर्धा तास जातो. नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षणाला, म्हणजे सरकारी मंडळाकडे तपासायला, द्यायची पद्धत राज्यात पन्नासच्या दशकापासून आहे. समोर बसलेल्या माणसाला ‘काय करता?’ विचारायचं आणि तो जे म्हणेल त्यावर पुढे जायचं, याची संहिता कशी देणार? पोरं म्हणतात, लेक व्ह्यू ही निव्वळ कोटी आहे, हा स्टँडअप नव्हे. माझ्या वयाचे म्हणतात, शिव्या नाहीत म्हणजे हा स्टँडअप नव्हेच. दोघांचं काकांवर प्रेम आहे आणि दोघेही त्यांना आपल्यातलं मानत नाहीत. मार्च २०२५ मध्ये एका स्टँडअपवाल्याच्या ठाण्याच्या रिक्षावरच्या राजकीय गाण्यावरून खारच्या स्टुडिओत तोडफोड झाली, तेव्हा कॅफेवाल्याने फोन करून विचारलं, तुमच्याकडे रिक्षा नाही ना? काका म्हणाले, ‘आहे, पण ती स्टेशनला यायला तयार नाही.’

मध्यंतरी माळा आवरताना मंडळाची जुनी वही सापडली. पान उघडून त्यांना दाखवलं. हार-तुरे, मिमिक्री ५१, सुतळी व खिळे. त्यांनी चष्मा काढून जवळून बघितलं, फोटो काढला आणि म्हणाले, ‘खजिनदार, अक्षर चांगलंय.’ पुढच्या शनिवारी प्रयोगाची सुरुवात त्यांनी या पानानेच केली. आकडा मात्र ३१ सांगितला. मध्यंतरात विंगेत गाठून मी चूक दाखवली, तर म्हणाले, ५१ला हशा येत नाही हो, बरे पैसे वाटतात.