ड्रॉपआधीचे ६४ बार: जंगल आणि ड्रम अँड बेसच्या इंट्रोची पार्श्वभूमी

जंगल आणि त्यातून पुढे आलेले ड्रम अँड बेस हे ब्रिटनमधले वेगवान नाचाचे संगीत. त्यातला एखादा जुना ट्रॅक घरी बसून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्याचे पहिले दीड मिनिट उगाच ताणल्यासारखे वाटते. हाय-हॅट वाजत राहतात, मागे एखादा पॅड, म्हणजे सिंथचा लांबवलेला सूर, पसरतो, मध्येच कुणीतरी एक वाक्य बोलून जाते, आणि बेसचा पत्ता नसतो. हा ट्रॅकचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा भाग; चार ठोक्यांचा एक बार धरला तर बऱ्याचदा चौसष्ट बारांचा. त्यानंतर बेस पूर्ण जोरात येतो तो क्षण म्हणजे ड्रॉप. हे दीड मिनिट एकटे ऐकण्यासाठी केलेलेच नाही. ते वाजते तेव्हा दुसऱ्या टर्नटेबलवर आधीचा ट्रॅक जोरात चालू असतो. त्याचा बेस, त्याचे ड्रम, त्यावर नाचणारी माणसे, सगळे जागेवर असते. इंट्रोने त्या गर्दीत शिरायचे, कुणाला धक्का न लावता पाय रोवायचे आणि वेळ येताच मैदान आपल्या ताब्यात घ्यायचे. म्हणजे ट्रॅकचा हा भाग करताना कायम दुसऱ्याच्या ट्रॅकचा विचार करावा लागतो, आणि तो ट्रॅक कोणता असेल हे करणाऱ्याला ठाऊक नसते.

या सोयीची सुरुवात जंगलच्या वीस वर्षे आधी न्यूयॉर्कमध्ये झाली. १९७०च्या आसपास सँक्चुअरी नावाच्या क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो हा डीजे पुढची रेकॉर्ड हेडफोनवर ऐकून, हाताने धरून ठेवून, बरोबर ठोक्यावर सोडू लागला. अडचण रेकॉर्डचीच होती. ती रेडिओसाठी कापलेली, तीन मिनिटांची; वाद्ये सुरू होतात न होतात तोच गायक गाऊ लागे आणि शेवटी आवाज विरत जाई. जोड द्यायला मोकळी जागाच नसे. टॉम मोल्टनने गाणी टेपवर कापून-जोडून लांब करायला घेतली आणि त्या खटाटोपातून बारा इंची सिंगल पुढे आले. १९७६ मध्ये सॅल्सोल कंपनीने वॉल्टर गिबन्सने मिक्स केलेले 'टेन पर्सेंट' बारा इंचांवर बाजारात आणले, नऊ मिनिटांहून लांब. मोठ्या रेकॉर्डवर खाचा ऐसपैस कापता येतात, त्यामुळे आवाज मोठा आणि बेस भरघोस येतो. शिवाय वेळ हाताशी असल्याने आरंभी आणि शेवटी नुसते ड्रम ठेवणे परवडू लागले. १९७९ मध्ये टेक्निक्सचे एसएल-१२०० एमके२ हे टर्नटेबल आले. त्याच्या सरकत्या पट्टीने वेग आठ टक्क्यांपर्यंत वर-खाली नेता येई आणि नेलेला वेग टिकून राही. डीजेसाठीच्या इंट्रोला लागणारे सगळे सामान आता जमले होते, आणि हाऊस संगीताने ते आयते उचलले.

हाऊसचे काम तसे सोपे होते. चारही ठोक्यांवर किक, म्हणजे पायाने वाजणारा जाड ड्रम, त्यामुळे दोन ट्रॅक एकमेकांवर बसले की नाही हे दोन-तीन सेकंदांत कळते. जंगलने नेमका तो आधार काढून घेतला.

लंडनच्या हेवन क्लबमध्ये १९८८ ते १९९३ या काळात 'रेज' नावाची रात्र होत असे. तिथे फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे दोघे हाऊस आणि टेक्नो वाजवता वाजवता ब्रेकबीटवाल्या रेकॉर्डकडे वळले. बऱ्याचदा टर्नटेबलची वेगाची पट्टी सरकवून ती मूळ वेगापेक्षा जलद वाजवली जात. ब्रेक, म्हणजे जुन्या फंक गाण्यांतले एकट्या ड्रमचे तुकडे, हिप-हॉपवाल्यांनी आधीच शोधून ठेवले होते. ब्रॉन्क्समध्ये १९७३ पासून कूल हर्क ते दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लांबवत होता, आणि १९८६ पासून 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या मालिकेमुळे दुर्मीळ ब्रेक कुणालाही विकत मिळू लागले.

त्यातला सर्वांत वापरला गेलेला तुकडा 'अमेन' ब्रेक. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स'च्या 'अमेन, ब्रदर'मध्ये ग्रेगरी कोलमनने वाजवलेले हे चार बार जेमतेम सहा-सात सेकंदांचे आहेत. पहिले दोन बार सरळ चालतात. तिसऱ्यात शेवटचा स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) किंचित उशिरा पडतो. चौथ्यात पहिला ठोका कोरा सोडलेला आहे आणि क्रॅश झांज अपेक्षेच्या आधीच येते. ही वाकडी चाल ऐकायला बहारदार, पण मिक्स करणाऱ्याची परीक्षा पाहणारी. त्यात जंगलच्या निर्मात्यांनी त्या चार बारांचे ठोका-ठोका तुकडे केले आणि हवे तसे पुन्हा लावले. दोन ट्रॅकमधले असे दोन चिरलेले अमेन एकावर एक चढवले की दुसरा-चौथा ठोका कोणता, हे हेडफोनमध्ये ओळखू येत नाही. कान कुठल्यातरी सरळ, न चुकणाऱ्या आवाजाचा आधार शोधतो. म्हणून इंट्रोत तो आधार ठेवण्याची पद्धत पडली: बारच्या आठव्या किंवा सोळाव्या भागावर चालणारी हाय-हॅट, राइड झांज, शेकर, नाहीतर किक-स्नेअरचा साधा दोन-ठोक्यांचा सांगाडा. चिरलेला ब्रेक नंतर येतो. जंगलच्या इंट्रोतली हॅट ही सजावट आहे असे समजणाऱ्यांनी एकदा ती काढून ट्रॅक मिक्स करून बघावा.

मात्र डिस्को आणि हाऊसकडून आलेली ही अर्धीच वंशावळ झाली. उरलेली अर्धी जमैकाची, आणि माझ्या मते जंगलच्या इंट्रोला चेहरा दिला तो तिने. लंडन, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम इथल्या कॅरिबियन वस्त्यांत साउंड सिस्टिम, म्हणजे मोठे स्पीकर, डीजे आणि माइकवर बोलणारा यांचा फिरता संच, मुरलेली होती. तिच्याबरोबर तीन गोष्टी जंगलमध्ये आल्या.

पहिली डबप्लेट. बाजारात यायच्या आधीचा ट्रॅक ॲसिटेटवर एकच प्रत कापून वाजवायचा. उत्तर लंडनमधल्या 'म्युझिक हाऊस'मध्ये नव्वदच्या दशकात जंगलचे डीजे आठवड्याच्या शेवटासाठी प्लेट कापून घ्यायला रांग लावत. या मऊ प्लेटची खाच दर वेळी सुई फिरली की थोडी झिजते. तिच्यावर सराव करत बसणे परवडत नाही. इंट्रो पहिल्या फटक्यात पकडता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट एमसी, म्हणजे माइकवर बोलून लोकांना चेतवणारा. जमैकात गाण्याच्या वाद्यमय 'व्हर्जन'वर बोलण्या-गाण्याची रीत होती, किंग टबीसारख्यांनी सत्तरच्या दशकात त्याच पोकळ्या रुंद करत डब हे संगीत घडवले. जंगलच्या रात्रीही माइक कायम चालू असे. इंट्रोत गायन नाही, बेस नाही, ही रिकामी जागा डीजेच्या जोडीने एमसीच्याही उपयोगाची होती.

तिसरी गोष्ट रिवाइंड, आणि इथे इंट्रोचे काम दुप्पट अवघड होते. ड्रॉप आवडला की लोक ओरडतात, शिट्ट्या मारतात. डीजे रेकॉर्ड मागे खेचतो आणि ट्रॅक पुन्हा सुरुवातीपासून लावतो. आता तोच इंट्रो एकटा, कुठल्याही आवरणाशिवाय, सगळ्यांच्या कानांवर पडतो. क्षणापूर्वी जो भाग आधीच्या ट्रॅकखाली गुपचूप सरकवायचा होता, त्यानेच आता 'पुन्हा तेच येतंय' अशी आरोळी ठोकायची. म्हणून चांगल्या जंगल इंट्रोत एक खूण असते: भोंगा, डान्सहॉलमधला एखादा शब्द, चार सुरांचा पॅड, एखादे बोललेले वाक्य. दोन सेकंदांत ट्रॅक ओळखू आला पाहिजे, तरी वाजत्या ट्रॅकशी भांडण नको. या खुणेच्या नादात पुढे चित्रपटांतले भीतिदायक संवाद इतके लावले गेले की शेकडो इंट्रो एकमेकांसारखे झाले, हेही खरे.

यंत्रांचा वाटाही मोठा आहे. बहुतेकांकडे अटारी एसटी संगणक आणि आकाईचा सॅम्पलर असे. १९८८ च्या एस९५० ची स्मृती वाढवून वाढवून सव्वादोन मेगाबाइट. त्यात ब्रेक, बेस, पॅड, आवाज सगळे बसवायचे, त्यामुळे इंट्रोसाठी वेगळे संगीत लिहिणे म्हणजे चैन. मग त्याच ब्रेकवर सॅम्पलरचा लो-पास (वरचे स्वर अडवणारा) फिल्टर लावून तो दबक्या आवाजात सुरू करायचा आणि हळूहळू उघडायचा, किंवा मिक्सिंग डेस्कवर त्याचा खालच्या स्वरांचा भाग कापून फक्त वरची खळखळ ठेवायची. आज ज्याला शैली म्हणतात त्यातले बरेच काही अशा काटकसरीतून आले.

बेस मागे ठेवण्याचे कारण मात्र काटकसरीचे नाही. दोन बेसलाइन एकत्र वाजल्या की खालच्या पट्ट्यात लहरी एकमेकींना कधी फुगवतात, कधी खाऊन टाकतात. मोठ्या स्पीकरवर त्याचा चिखल होतो. मिक्सरवरची खालच्या स्वरांची लो नॉब फिरवून तो टाळता येतो, पण इंट्रोतच बेस नसेल तर डीजेचा एक हात मोकळा राहतो.

आता बार मोजायचे ते का, हे वेगावरून कळते. १९९१-९२ चे, जंगलच्या आधीचे हार्डकोर मिनिटाला साधारण १३० ते १५० ठोक्यांचे होते, १९९४ चे जंगल १६० च्या आसपास गेले, आणि ड्रम अँड बेस पुढे १७० ते १७५ वर स्थिरावले. १७४ च्या वेगात एक बार १.३८ सेकंदांचा. सोळा बार म्हणजे २२ सेकंद, बत्तीस म्हणजे ४४, चौसष्ट म्हणजे ८८. हाऊसमध्ये बत्तीस बारांना मिनिटभर मिळते. इथे पाऊण मिनिटही नाही. तेवढ्यात रेकॉर्ड सोडायची, पट्टीने वेग जुळवायचा, बोटाने रेकॉर्ड किंचित ढकलून किंवा रोखून सरकलेला ठोका जागेवर आणायचा, मग आवाज वर न्यायचा. एक ट्रॅक १७४ वर आणि दुसरा १७३.५ वर असेल, तर बत्तीस बारांत ते एकमेकांपासून सुमारे ०.१३ सेकंद सरकतात. एक सोळावा भाग ०.०९ सेकंदांहूनही लहान असतो. म्हणजे वेगात मिनिटाला अर्ध्या ठोक्याची चूक झाली की इंट्रो संपेपर्यंत स्नेअर दुहेरी ऐकू येऊ लागतात. चौसष्ट बारांचा ऐसपैस इंट्रो हातांना लागणाऱ्या या वेळेतून आला.

त्या काळचा नमुनेदार इंट्रो उलगडून पाहिला तर असा दिसतो. पहिले सोळा बार हॅट आणि लांबून येणारा पॅड. सतराव्या बाराला ब्रेक, पण खालचा भाग कापलेला. तेहतिसाव्याला झांजेचा एक जोरकस ठोका, आणि पूर्ण ड्रम किंवा ओळखीची खूण. एकोणपन्नासाव्यापासून ड्रम पुन्हा गळू लागतात, आवाज ताणला जातो, शेवटच्या बारात अनेकदा सगळे थांबते, आणि पासष्टाव्याच्या पहिल्या ठोक्यावर बेस. दर सोळा बारांनी काहीतरी बदलते, ते डीजेला आपण कुठे आहोत हे न मोजता कळावे म्हणून. रेकॉर्डच्या पृष्ठभागावरही हे वाचता येई: शांत भागाच्या खाचा गडद आणि गुळगुळीत दिसतात, गजबजलेला भाग फिकट. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून ड्रॉपचे वर्तुळ शोधायचे आणि सुई कुठे ठेवायची ते ठरवायचे.

लांबी सगळ्यांची सारखी नव्हती. एलटीजे बुकेमच्या 'गुड लुकिंग' या लेबलचे ट्रॅक पॅडमध्ये मिनिटभर आरामात तरंगत. तिथे एका ट्रॅकचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांतला फरक पुसून टाकणे हाच आनंद होता. दुसरे टोक अँडी सी. त्याने १९९२ मध्ये रॅम रेकॉर्ड्स सुरू करणाऱ्यांपैकी एक म्हणून नाव केले आणि पुढे तीन टर्नटेबलवर झपाट्याने मिक्स करण्यासाठी तो ओळखला गेला. डबल ड्रॉप, म्हणजे दोन ट्रॅकचे ड्रॉप एकाच ठोक्यावर पाडणे, ही युक्ती त्याच्यामुळे सर्वतोमुखी झाली. इंट्रोच्या गणिताला सक्ती आली ती इथे. वाजत्या ट्रॅकमध्ये दुसऱ्या ड्रॉपआधी बत्तीस बारांची उसंत असेल, तर बत्तीस बारांचा इंट्रो त्या उसंतीच्या पहिल्या ठोक्यावर सोडला की दोन्ही ड्रॉप एकत्र पडतात. इंट्रो चौसष्टचा असेल तर बत्तीस बार आधी सोडायचा. आणि कुणी हौसेने तीस किंवा चौतीस बारांचा इंट्रो केला असेल, तर तो ट्रॅक कितीही सुंदर असला तरी पेटीत खाली जातो.

२००१ मध्ये पायोनियरचे सीडीजे-१००० हे डीजेंसाठीचे सीडी प्लेअर आले, २००४ मध्ये संगणकावरच्या फाइली टर्नटेबलने वाजवू देणारे सेराटो स्क्रॅच लाइव्ह, त्याच वर्षी डीजेंना फाइली विकणारे बीटपोर्ट. रेकॉर्ड जाऊन फाइल आली. २०१२ च्या सीडीजे-२००० नेक्ससवर तर ठोके जुळवण्यासाठी सिंकचे बटणच मिळाले. चार बार लूपवर टाकून इंट्रो हवा तेवढा लांबवता येतो, हॉट क्यू (ट्रॅकमध्ये आधीच केलेली खूण) लावून थेट तेहतिसाव्या बारावर उडी मारता येते. हातांना लागणारा वेळ वाचला आणि इंट्रो आखूड झाले. सोळा किंवा बत्तीस बार आता पुष्कळ समजतात. दुसरीकडून स्ट्रीमिंगचा रेटा आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले गेल्याशिवाय एक प्ले धरला जात नाही, आणि १७४ च्या वेगात तीस सेकंद म्हणजे बाविसाव्या बाराच्या आत. चौसष्ट बार वाट पाहायला लावणारा ट्रॅक ऐकणारा तोवर पुढे सरकवून टाकतो. म्हणून एकाच ट्रॅकच्या दोन फाइली निघतात: ऐकणाऱ्यांसाठी आखूड, डीजेंसाठी 'एक्स्टेंडेड मिक्स'. त्यातले बरेच एक्स्टेंडेड मिक्स म्हणजे पुढे-मागे सोळा बार ड्रम चिकटवलेली आखूड फाइल असते. त्यांत खूण नसते, ताण नसतो, आणि रिवाइंड केला तर ऐकण्यासारखे काहीच नसते.

नव्या साधनांनी एक जुनी गरज मात्र नव्या रूपात परत आणली आहे. फाइल लोड होताच सॉफ्टवेअर तिचा वेग शोधून ठोक्यांची जाळी आखते. ट्रॅक नुसत्या पॅडने सुरू होत असेल, तर जाळी भलत्याच ठिकाणी बसू शकते, आणि विरळ ड्रमच्या ट्रॅकचा वेग १७४ ऐवजी ८७ दिसणे हा तर नेहमीचा प्रकार. त्यामुळे पॅडने सुरुवात करायची हौस असलेले निर्मातेही पहिल्या बाराच्या पहिल्या ठोक्यावर एक छोटा, कडक आवाज ठेवतात, रिमशॉट किंवा बंद हॅट, आणि फाइलच्या आरंभीची कोरी शांतता अगदी त्या आवाजापर्यंत कापून टाकतात.