पूर्ण वाक्यात बोललं तरच इंग्रजी शुद्ध?

जळगाव-धुळ्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या पोरांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: चांगलं इंग्रजी म्हणजे प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात आणि प्रत्येक शब्द सुटा. 'आयम', 'डोन्ट' ही म्हणे आळशी रूपं. हे खरं नाही. 'डोन्ट'सारखी जोडरूपं १७व्या शतकापासून छापील इंग्रजीतही दिसतात आणि आज उच्चशिक्षित माणसंही बोलताना तीच वापरतात.

उलट सगळं सुटं बोललं की सूर बदलतो, आणि हे मुलांना आवर्जून सांगायला हवं. इंग्रजीत जोर महत्त्वाच्या शब्दांवर पडतो. 'टू', 'ऑफ', 'ॲम' बहुतेकदा पुसट उच्चारले जातात. 'आय डू नॉट नो' असं तोडून म्हटलं की समोरच्याला वाटू शकतं, हा चिडलाय. साधं 'आय डोन्ट नो' म्हणा.

पूर्ण वाक्याचा हट्टही तसाच. अहिराणीत कुणी 'कथा जाई राहिना?' (कुठे चाललास?) विचारलं तर आपण 'बजारमा' एवढंच म्हणतो ना? मग 'व्हेअर आर यू गोइंग?'ला 'टू द मार्केट' हे उत्तर अगदी पुरेसं आहे. अर्जात, परीक्षेच्या निबंधात मात्र पूर्ण रूपं लिहा.